शाळेच्या फॉर्मवरचा तिसरा फोन नंबर

जून उजाडला की आमच्या पालकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं. शाळेनं दोन पानी फॉर्म दिलेला असतो, त्यात आजार, अ‍ॅलर्जी, रक्तगट, तीन फोन नंबर, पोराला न्यायला कोण कोण येणार त्यांची नावं आणि फोटो, आणि मागच्या पानावर सूचना, की ताप असेल तर पाठवू नका, औषध दप्तरात देऊ नका, काही झालं तर गेटवर गर्दी करू नका. मग एक जण विचारतो हे काय नवीन काढलंय, दुसरा म्हणतो आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आणि शेवटी सगळे रात्री घाईघाईत काहीतरी खरडून सकाळी दप्तरात कोंबतात.

मी पण तसंच करत होते. गेल्या वर्षी ऑगस्टात माझ्या लेकीला, तेव्हा ती तिसरीत होती, खिचडीची सुट्टी संपल्यावर वर्गात उलटी झाली, अंग भाजत होतं. बाईंनी पहिला नंबर लावला. तो माझा, पण मी मे महिन्यात सिम बदललेलं आणि शाळेला कळवलंच नव्हतं. दुसरा नंबर तिच्या बाबांचा, ते सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत, मशीनवर असताना मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "वरीलप्रमाणे".

साडेचारला मी नेहमीसारखी आणायला गेले तेव्हा पोरगी ऑफिसातल्या बाकावर आडवी, कपाळावर ओला रुमाल, बाई शेजारी बसून एका हातानं तिचा हात धरून दुसऱ्या हातानं वह्या तपासत होत्या आणि त्यांच्या साडीला वाळलेल्या उलटीचा डाग होता. दोन तास. घरी सासूबाई होत्या, शेजारच्या काकू होत्या, दोघींकडे फोन आहेत, दहा मिनिटांत कोणीतरी पोचलं असतं. त्या दिवसानंतर मी शाळा व्यवस्थापन समितीत गेले आणि हे सगळे नियम कशासाठी आहेत ते एकेक करून समजून घेतलं, तेच इथे सांगते.

मुळात शाळेला पाहिजे तरी काय?

लग्नघरातली दागिन्यांची पिशवी आठवा. घरात दोनशे माणसं, कोण येतंय कोण जातंय पत्ता नाही, पण पिशवी कायम एकाच बाईकडे असते. ती अंघोळीला गेली तर "आता मावशीकडे दिलीय" असं सांगून जाते, आणि मावशी म्हणजे मावशीच, पलीकडच्या कुणीतरी ओळखीच्या बाईनं मागितली तरी मिळत नाही, मग तिला राग आला तरी चालेल.

शाळेचे आजारपणाचे, अपघाताचे, पुराचे सगळे नियम नीट बघितले तर त्यांच्या बुडाशी एवढाच एक प्रश्न आहे, की आत्ता या क्षणी हे पोर कुणाच्या हातात आहे? आईच्या, रिक्षावाल्या काकांच्या, वर्गाच्या बाईंच्या, डॉक्टरांच्या, की आजोबांच्या? उत्तर एकच पाहिजे आणि ते कुठंतरी लिहिलेलं पाहिजे. जिथं दोघांना वाटतं की पोर दुसऱ्याकडे आहे, तिथं घात होतो.

"एवढी माहिती कशाला? आमच्या घरातल्या गोष्टी आहेत"

फिट येते, दमा आहे, जन्मापासून हृदयाला छिद्र आहे, असलं लपवायची आपल्याकडं सवय आहे, विशेष करून मुलगी असेल तर, पुढं लग्नाला अडचण येईल म्हणून. मला ही भीती कळते, खोटं कशाला बोलू. पण दम्याचं पोर पळून धापा टाकायला लागलं आणि बाईंना दमा माहीतच नसला तर त्या त्याला पाणी देऊन बसवतील, पंप दप्तरातच राहील. डायबेटीसचं पोर, लहान मुलांनाही होतो, इन्सुलिन घेतं ते, साखर कमी होऊन पेंगायला लागलं तर बाईंना वाटेल झोप आलीय, आणि खरं तर तेव्हा त्याला दोन-तीन चमचे साखर ताबडतोब पोटात जायला पाहिजे असते. ही माहिती सगळ्या गावाला नको, वर्गाच्या बाई आणि हेडमास्तर यांना पुरे. तसं फॉर्मवर लिहून द्या की इतरांना सांगू नये.

फोन नंबर तीन का, तर तीन वेगळी माणसं पाहिजेत म्हणून. त्यातला एक जण दुपारी घरात असणारा, फोन उचलणारा आणि शाळेपर्यंत येऊ शकणारा पाहिजे. पुण्यातल्या मामाचा नंबर देऊन उपयोग नाही, मामा कितीही मोठा साहेब असला तरी.

"अंग जरा कोमटच आहे, पाठवलं तर काय बिघडतंय?"

सकाळी नऊला तापाचं औषध पाजून पोर शाळेत सोडणं हे आपण सगळ्यांनीच केलंय, सुट्टी मिळत नाही, दिवसाचा पगार जातो, मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त होतं काय ते समजून घ्या. तापाचं औषध म्हणजे कुकरची शिट्टी चमच्यानं वर उचलून धरण्यासारखं आहे, वाफ गेल्यासारखी वाटते पण खालचा गॅस चालूच असतो. त्या औषधाचा असर चार ते सहा तास. म्हणजे सकाळी नऊला दिलं तर एक-दोनच्या सुमाराला, बरोबर खिचडीच्या वेळेला, पोरं मांडीला मांडी लावून बसलेली असताना ताप परत येतो.

म्हणून साधारण नियम असा की औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच शाळा. जुलाब-उलट्या थांबल्यावर दोन दिवस घरी. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, साधारण पाच ते सात दिवस जातात. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस, गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. डोळे आले असतील तर पाणी आणि घाण येणं थांबेपर्यंत. उवांसाठी मात्र पोराला शाळेतून काढून घरी बसवायची काही गरज नसते, घरी औषध लावा, फणी फिरवा, दुसऱ्या दिवशी शाळेत. ज्या पोरीच्या डोक्यात उवा सापडल्या तिला वेगळं बसवतात ते मला अजिबात पटत नाही.

यावर कुणीतरी म्हणणारच, की कांजिण्या तर फोड यायच्या आधीच पसरतात, मग नंतर घरी बसवून काय फायदा? बरोबर आहे, फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते आणि ते कुणाच्याच हातात नाही. पण नंतरचे पाच-सात दिवस आपल्या हातात आहेत. आणि वर्गात एखादं पोर असं असतं की ज्याला दुसऱ्या आजारामुळं प्रतिकारशक्तीच नाही, किंवा बाईच गरोदर असतात, त्यांना कांजिण्या साध्या जात नाहीत. अंथरुणात लिंबाचा पाला घाला, आज्जीला बरं वाटतं, पण कांजिण्यात अ‍ॅस्पिरिन देऊ नका, लहान मुलांच्या मेंदूला आणि यकृताला त्यानं गंभीर अपाय होऊ शकतो.

"मधल्या सुट्टीत एक चमचा औषध द्यायला काय जातंय त्यांचं?"

हा सगळ्यात जास्त भांडणाचा मुद्दा. आपण दप्तरात बाटली टाकतो आणि चिठ्ठी लिहितो, "दुपारी १ चमचा द्या". आता मेडिकलमध्ये जाऊन तापाच्या औषधाच्या बाटल्या बघा. एकीवर लिहिलेलं असतं पाच मिलीत १२० मिलिग्रॅम, दुसरीवर पाच मिलीत २५०. रंग तोच, वास तोच, चमचा तोच, आणि औषध दुप्पट. लहान मुलांचा डोस वयापेक्षा वजनावर ठरतो. बाईंपुढं चाळीस पोरं, त्यातल्या चौघांच्या दप्तरात बाटल्या, दोघांच्या बाटल्या सारख्याच दिसणाऱ्या. शिवाय शेजारचं पोर गोड लागतं म्हणून पिऊन टाकतं ते वेगळंच.

म्हणून शाळा म्हणते की औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, पोराचं नाव घातलेली मूळ बाटली, किती आणि किती वाजता हे लिहून तुमची सही, आणि ते बाईंच्या हातात द्या, दप्तरात नको. बऱ्याच वेळा डॉक्टरांना विचारलं की दिवसातून तीनदाचं औषध शाळेच्या आधी, शाळेनंतर आणि झोपताना असं बसवून देतात, प्रश्नच मिटतो. दम्याचा पंप याला अपवाद, तो पोराच्या जवळच पाहिजे, कपाटाला कुलूप आणि चावी हेडमास्तरांकडं असं चालत नाही.

"मग सरकारी गोळ्या कशा देतात?" तर १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंताची गोळी देतात ती अल्बेंडाझोल, एक ठरलेली गोळी, सगळ्यांना एकच डोस, बाईंसमोर चावून खायची, आणि त्या दिवशी आजारी असलेल्या पोराला देत नाहीत, मागाहून देतात. पहिली ते पाचवीच्या पोरांना आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी लोहाची. हे वर्षानुवर्षं चालत आलेले कार्यक्रम आहेत, त्याची तुलना दप्तरातल्या बाटलीशी नको. तसंच वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून डॉक्टर येतात तपासायला, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. नजर कमी आहे, दात किडलेत, हृदयात आवाज येतोय, असलं तिथं सापडतं आणि पुढचे उपचारही सरकारमार्फत होतात.

शाळेत लागलं, पडलं, चावलं तर

शाळेत फर्स्ट एड म्हणजे प्रथमोपचार करतात, उपचार नाही. डॉक्टर येईपर्यंत किंवा आपण डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत पोराची अवस्था आणखी बिघडू न देणं, एवढंच त्याचं काम. आणि यातल्या निम्म्या गोष्टी आपण घरी नेमक्या उलट्या करतो म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

घोळणा फुटला की आपण पोराची मान मागं करून डोक्यावर पाणी ओततो. मान मागं केली की रक्त घशात उतरतं, मग उलटी. पोराला बसवा, थोडं पुढं वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं घड्याळ लावून दाबा, मध्ये सोडून बघायचं नाही.

फिट आली की कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, आणि दातखीळ सोडवायला चमचा. मी स्वतः लहानपणी शेजारच्या दादाला हे करताना बघितलंय, त्याचा दात तुटला होता. यातलं काहीच करायचं नाही. आजूबाजूचं दप्तर-बाक सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, कुशीवर वळवा, तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर १०८.

कुत्रं चावलं की हळद, मिरची, चुना काही नको, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट असते. नखानं नुसतं ओरबाडलं, थोडं रक्त आलं तरी जायचं, आणि सगळे डोस ठरलेल्या तारखांना पुरे करायचे, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की पोर वाचत नाही म्हटलं तरी चालेल. शिराळा, वाळवा, पलूसकडं शाळेच्या कंपाउंडला लागून ऊस असतो, तिथं सापाचं. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पोराला चालवायचंही नाही, पाय किंवा हात हलणार नाही असा धरून उचलून सरळ मोठ्या दवाखान्यात. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

खेळताना पुढचा पक्का दात मुळासकट पडला तर तो फेकून देऊ नका, मुळाला हात न लावता दुधात टाकून अर्ध्या-एक तासात दाताच्या डॉक्टरांकडं पोचलात तर बसवता येतो. डोक्याला मार लागला असेल तर पोर हसत-खेळत असलं तरी शाळा फोन करते, तो फोन घ्या. त्यानंतर पुन्हा पुन्हा उलटी, जास्त झोप, बडबड किंवा डोकं खूप दुखणं यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

"आम्हाला न विचारता दवाखान्यात कसं नेलं?"

फोन लागला तर विचारतात. नाही लागला तर थांबायचं का, हा खरा प्रश्न. जीवावर बेतलेलं असताना पालक भेटत नसतील तर पोराच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या उपचाराला आपला कायदा आडवा येत नाही. आणि १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, पोलीस आणि कागदपत्रं नंतर. फॉर्मवरची तुमची सही म्हणजे शाळेला सूट दिली असं नाही, चुकलं तर तुम्ही जाब विचारू शकताच. सही असली की बाई रिक्षात बसताना बिचकत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. कुठल्या दवाखान्यात न्यायचं, आधीचे डॉक्टर कोण, हे पण तिथंच लिहा.

"माझं पोर मलाच का देत नाहीत?"

सांगलीकरांना हे वेगळं समजवायला नको, २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण बघितलेत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर तसा सांगून येतो, कलेक्टर सुट्टी जाहीर करतात, दत्तनगर, कर्नाळ रोडवाले आधीच सामान हलवतात. खरी अडचण होते ती मधल्या दिवशी, शाळा चालू आहे, दुपारीच रस्त्यावर पाणी आलं, आणि ग्रुपवर कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ टाकला. दहा मिनिटांत तीनशे पालक गेटवर.

आता बघा. गर्दीत एका पोराचा काका त्याला खांद्यावर टाकून घेऊन गेला, चांगल्या मनानंच. कुणाला सांगितलं नाही, सही केली नाही. इकडं बाई हजेरीपटावर नावं घेतायत आणि एक पोर कमी. बाई काय करतील? परत आत जातील शोधायला. पाणी चढत असताना, किंवा आग लागली असताना धुरात. पोर काकाच्या गाडीवर कॉलेज कॉर्नरला पोचलेलं असतं आणि बाई अजून संडासाचे दरवाजे उघडून बघत असतात. म्हणून ती वही, म्हणून ते नाव, वेळ आणि सही. एक बाहेर काढलं, एक सही, मग पुढचं. उशीर वाटतो पण यात पोर हरवत नाही.

आणि ज्याचं नाव फॉर्मवर नाही त्याला देत नाहीत, सख्खी आत्या असली तरी. आईबाप वेगळे राहतात, घरात वाद आहेत, असल्या घरांमध्ये हा नियम किती मोलाचा आहे ते त्यांनाच माहीत. ज्यांना न्यायला पाठवणार आहात त्या सगळ्यांची नावं आधीच द्या, रिक्षावाल्या काकांचं आणि वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, येत असाल तर त्यांचंही. काकांकडं पण पोरांची यादी आणि आपले नंबर पाहिजेत, ते शाळेच्या गेटबाहेर असतात तेव्हा पोर त्यांच्याच हातात असतं.

मॉक ड्रिल म्हणजे याचीच रंगीत तालीम. घंटा झाली की दप्तर ठेवून रांगेनं ठरलेल्या जागी, बाईंच्या हातात हजेरीपट. "अभ्यास बुडतो" म्हणणाऱ्यांनी कोयनेचा भूकंप आठवावा, ११ डिसेंबर १९६७, पहाटे झाला म्हणून त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. पाटणकडची पोरं आजही हादरे बसले की बाकाखाली जातात, डोकं झाकतात आणि हलायचं थांबलं की मगच बाहेर येतात. शिकवल्याशिवाय कुठलंच पोर असं करत नाही, ते दाराकडं पळतं.

त्या वेळेला शाळेला फोन लावत बसू नका, तीनशे जणांनी लावला तर शाळेला ११२ लावायलाही लाईन मिळणार नाही. ग्रुपवर हेडमास्तरांचा एकच मेसेज येईल असं आधीच ठरवून घ्या, त्याखाली बाकीच्यांनी अंगठे सुद्धा टाकायचे नाहीत, मेसेज वर जातो आणि सापडत नाही.

तुमच्या शाळेत हे काहीच नसेल तर?

बऱ्याच ठिकाणी नाही, फॉर्म कपाटात आणि पेटीतलं आयोडीन वाळलेलं. शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणजे ही समिती आपलीच आहे. विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघात बोला. पहिल्या मीटिंगला तीनच गोष्टी विचारा, पोरं बाहेर काढली तर जमायची जागा कुठली, तिथंही पाणी आलं तर दुसरी जागा कुठली, आणि प्रथमोपचार पेटीची चावी कुणाकडं. आमच्याकडं पहिल्या वर्षी दुसऱ्या प्रश्नाला कुणाकडंच उत्तर नव्हतं. पटांगण नदीच्या बाजूला उताराला आहे, पाणी पहिल्यांदा तिथंच येतं. आता पलीकडच्या चौकातल्या मंगल कार्यालयाच्या मालकांशी बोलून वरचा हॉल ठरवलाय, आणि बाई पोरांना एकदा चालत नेऊन आणल्या, अकरा मिनिटं लागली.

यंदा फॉर्म मी रविवारी दुपारी निवांत बसून भरला. तिसऱ्या रकान्यात सासूबाईंचं नाव आणि नंबर आहे. त्यांचा फोन साधा बटणाचा, आवाज मोठा केलाय, आणि शाळेचा नंबर "शाळा" म्हणून सेव्ह करून दिलाय. लेकीला तिन्ही नंबर तोंडपाठ करून घेतलेत, पाढ्यासारखे, झोपताना. सासूबाईंचा नंबर तिला सगळ्यात आधी पाठ झाला.